आधी तुम्हालाच दाखवलं, साहेब

माझी बॅग टेबलावर उलटी केली.

दुपारचे साडेतीन. पहिली शिफ्ट सुटलेली. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीच्या गेटवर दोन रांगा. एक पुरुषांची, एक बायकांची. बायकांच्या पिशव्या तपासायचं काम माझं. चार वर्षं मीच तपासत होते. कुणाचा डबा उघडायचा तर आधी "ताई, बघू का?" विचारत होते. त्या दिवशी मला टेबलाच्या पलीकडं उभं केलं आणि माझ्या जागी शारदाला.

शारदा माझ्याबरोबरची गार्ड. एका डब्यात जेवायचो आम्ही. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं बॅगेची खालची दोन टोकं धरली आणि झटकली.

डबा पडला. पाण्याची बाटली. कंगवा. पॅडचं पाकीट. तेही उघडून बघ, सिक्युरिटीचे साहेब म्हणाले. शारदानं उघडलं. पुरुषांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग माझ्या नोट्स पडल्या. स्पायरल केलेल्या. वर मोठ्या अक्षरांत छापलेलं : गुन्हे अन्वेषण, पदव्युत्तर, दुसरं सत्र.

साहेबांनी त्या उचलल्या. सगळ्यांना दिसतील अशा वर धरल्या.

"चोर पकडायचं शिकतेय म्हणे. हिला कशाला शिकवायला पाहिजे? पारध्याची आहे ही. रक्तातच असतं यांच्या."

बॅगेत काही सापडलं नाही. पण ते कुणी मोठ्यानं बोललं नाही.

हे बोलणारा माणूस परका असता तर एवढं लागलं नसतं. परक्यांकडून आम्ही जन्मल्यापासून ऐकतोय. पण मी पारधी आहे हे त्या कंपनीत एकाच माणसाला माहीत होतं. मी स्वतः सांगितलं होतं. विश्वासानं.

माझा जन्म पालावरचा. बीड जिल्ह्यात एका गावाच्या बाहेर, माळावर. आश्रमशाळेत शिकले. बाप गेल्यावर आई आम्हाला घेऊन चऱ्होलीला आली, बांधकामावर. तिथं रोज नवी इमारत उठते. त्यातल्या कितीतरी जिन्यांवरून आईनं डोक्यावर विटा वाहिल्या आहेत. मी बाहेरून परीक्षा देत बीए केलं आणि गार्डची नोकरी धरली. आमची आडनावं राजघराण्यातली वाटावीत अशी. शहरात त्यावरून जात कळत नाही. लोक आपल्याआपण काहीतरी समजून घेतात. मी कुणाला खोटं सांगितलं नाही. खरंही सांगितलं नाही.

साहेब पोलिसांतून फौजदार म्हणून निवृत्त झालेले. आडनाव ऐकून त्यांनीही मला आपल्यातलीच समजलं. पहिल्याच वर्षी एकदा एका बाईच्या पासवरचा फोटो बदललेला मी ओळखला. साहेब खूश झाले. म्हणाले, "पोरी, तुझी नजर पोलिसाची आहे. ही शिट्टी किती दिवस वाजवणार? पुढं शीक." घरी बसून, मोबाइलवर करता येईल असा हा अभ्यासक्रम त्यांनीच शोधून दिला. नोकरीच्या ठिकाणचं शिफारसपत्र लागत होतं. अर्ज घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्याला जातीचा दाखला जोडलेला.

त्यांनी दाखला वाचला. चष्मा काढला. परत घातला.

"पारधी?"

"हो साहेब."

दाखला उलटा करून बाजूला ठेवला. मग सही केली. अर्ज माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "असू दे. हे तुझ्या-माझ्यात राहील."

मला रडू आलं. उपकार वाटला तो. आज कळतं, जात लपवायला मदत करणारा माणूस ती जात खिशात ठेवत असतो. कधी काढायची ते त्याच्या मर्जीवर.

अभ्यास सुरू झाला. रविवारी तास थेट असायचे, बाकीचे रेकॉर्ड केलेले. ते मी कंपनीच्या बसमध्ये एका कानात इअरफोन घालून ऐकायचे. चऱ्होलीपासून महाळुंग्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये एक धडा होऊन जायचा. वर्गात एक वकील होते, बँकेतले एक अधिकारी होते, नोकरीतली एक महिला उपनिरीक्षकही होती. सगळ्यांच्या मागं पुस्तकांची कपाटं दिसायची. माझा कॅमेरा बंद असायचा. माझ्या मागं आईच्या कामावरच्या साड्या वाळत असायच्या.

पण शिकायला मिळत होतं, राव. घटनास्थळ कसं राखायचं. पंचनाम्यात काय लिहायचं, काय लिहायचं नाही. वस्तू जप्त केली की ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली याची नोंद कशी तुटू द्यायची नाही. मधेच कायदे नवे आले, कलमांचे आकडे बदलले. सगळे वैतागले. मला काही वाटलं नाही. मी जुनेही नव्यानंच शिकत होते.

एका धड्यात वाक्य होतं : संशय म्हणजे पुरावा नव्हे. ते लिहून घेताना माझा हात थांबला. एवढं साधं वाक्य. पुस्तकात छापलेलं. मग आमच्या पालावर कुणी ते कधीच का आणलं नाही?

दुसऱ्या सत्रात एका रविवारी मॅडमनी गुन्ह्याच्या पद्धतींवर तास घेतला. याच मॅडम माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक. पडद्यावर तक्ता आला. डाव्या बाजूला जमातींची नावं, उजव्या बाजूला त्या 'कसा गुन्हा करतात' ते. तिसऱ्या ओळीत आम्ही होतो. मॅडमनी ओळ वाचली. पुढच्या ओळीवर गेल्या. वकिलानं विचारलं, "हे परीक्षेला येतं का?"

आई मागं भाकरी थापत होती. तिला वाचता येत नाही. मला बरं वाटलं, की तिला वाचता येत नाही. आणि असं वाटल्याची लगेच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "जुनी पुस्तकं आहेत गं. मनावर घेऊ नकोस. मी आहे ना." मी मनावर घेतलं नाही. ते होते ना.

मग प्रकल्पाची वेळ आली. आपल्या कामाच्या जागेतला एखादा सुरक्षेचा प्रश्न निवडायचा आणि त्याचा तपासकाच्या नजरेनं अभ्यास करायचा. मी आमचं गेटच निवडलं. कंपनीतला भंगार माल बाहेर जातो त्या गाडीला सील लागतं. सीलवर नंबर असतो. तो आत रजिस्टरवर लिहायचा आणि गेटवर पुन्हा जुळवायचा, म्हणजे मधेच सील तोडून गाडीत दुसरा माल भरला तर कळतं. मी सहा महिन्यांची पानं बघितली. एकाच ठेकेदाराच्या गाडीच्या सीलचे नंबर गेटवर कधीच जुळवलेले नव्हते. जुळवलेत असं नंतर लिहिलेलं होतं. एका दिवशीच्या नोंदी ज्या शाईत आहेत, त्यात तेवढी एक ओळ वेगळ्या शाईची. दर वेळी. खाली सही साहेबांची.

मला साहेबांचा संशय आला नाही. खरं सांगते, आला नाही. मला वाटलं, खालचं कुणीतरी त्यांना फसवून सह्या घेतंय. साहेबांना सावध केलं पाहिजे. मी तपास शिकत होते, पण ज्याच्यावर माया असते त्याच्याकडं तपासकाच्या नजरेनं बघायला शिकले नव्हते.

प्रकल्पाचा कच्चा मजकूर छापून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. तीन दिवस त्यांच्याकडं होता. चौथ्या दिवशी बोलावलं.

"चांगलं लिहिलंयस. तुझ्या मॅडमला पाठवलंस का?"

"नाही साहेब. आधी तुम्हालाच दाखवलं."

"शाब्बास," ते म्हणाले. "आता थोडं थांब. मी बघतो."

आठ दिवसांनी स्टोअरमधून तांब्याच्या तारेची गुंडाळी कमी झाल्याचा बोभाटा झाला. त्याच दुपारी गेटवर माझी बॅग उलटी झाली.

झडती झाल्यावर मला सिक्युरिटी ऑफिसात नेलं. दार लावलं. टेबलावर माझा प्रकल्प पडलेला. ओळींखाली लाल पेनानं रेघा मारलेल्या. शेजारी साहेबांच्या ओळखीतला एक हवालदार खुर्चीत बसलेला, चहा पीत.

साहेब त्याला म्हणाले, "बघा. कुठला माल कधी जातो, सील कसं लागतं, रजिस्टरमध्ये फट कुठं आहे, सगळं हिनं लिहून काढलंय. चोरीचा नकाशाच आहे हा."

मी म्हणाले, "साहेब, हा माझा प्रकल्प आहे. तुम्हालाच दिला होता मी."

त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. हवालदारानं मला विचारलं, "कुठल्या पालावरची?"

मी शिफ्टमध्ये होते. अंगावर गार्डचा युनिफॉर्म होता. छातीवर नावाची पट्टी. तरी प्रश्न हा.

तासाभरानं आई आली. साहेबांनी तिला चऱ्होलीच्या साइटवरून गाडी पाठवून आणवली होती. तिच्या पायांना सिमेंट होतं. हवालदाराची टोपी दिसली आणि ती दारातच खाली बसली. मग सरकत सरकत आली आणि साहेबांचे पाय धरले.

"पोर चुकली आसंल सायेब. पदरात घ्या. मारू नका."

काय चुकली ते तिनं विचारलं नाही. तिच्या आयुष्यात तो प्रश्न विचारायची सोयच कधी नव्हती.

साहेबांनी तिला उठवलंही नाही. माझ्यापुढं एक कागद ठेवला. टाइप केलेला. "पोरी, मी तुला वाचवतोय. सही कर. केस करणार नाही. नोकरी सोड, गपचूप निघून जा. तुझं शिक्षणही होईल."

मी कागद वाचला. त्यात लिहिलेलं, की स्टोअरमधल्या मालाची माहिती मी बाहेरच्या लोकांना पुरवली. हे मला मान्य आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही.

आई म्हणाली, "कर सही. तुझ्या बापानं आंगठा दिला न्हवता आधी. तीन दिस चौकीत ठिवलं. मंग दिला. परत आला तवा त्याला उभं ऱ्हाता येईना. कर माय."

बापाचं हे मला माहीतच नव्हतं. तो आजारानं गेला असं मला सांगितलेलं. त्या खोलीत, त्या टेबलापुढं, मला कळलं माझा बाप कशानं गेला.

मला वाटलं मी रडेन. रडले नाही. डोकं एकदम थंड झालं. धडे आठवायला लागले. एकामागून एक. जणू कुणीतरी मला आतून वाचून दाखवत होतं.

मी म्हणाले, "माझ्या बॅगेत काय सापडलं?"

साहेबांनी कागद आणखी पुढं सरकवला.

"काही सापडलं नाही. मग तसं लिहून द्या. झडतीचा कागद कुठाय? पंच कोण होते? माल कमी झाल्याची तक्रार कुणी दिली, किती वाजता दिली? आणि माझा हा प्रकल्प तुम्ही पुरावा म्हणून ठेवणार असाल तर ताब्यात घेतल्याची पावती द्या मला. त्यावर तारीख टाका. तुमच्याकडं कधी आला ती."

साहेब हसले. "फार शिकलीस."

"तुम्हीच शीक म्हणालात."

मग मी हवालदाराकडं वळले. "दादा, तुम्ही इथं कोणत्या तक्रारीवरून आलात? स्टेशन डायरीत नोंद आहे का?"

हवालदारानं कप खाली ठेवला. साहेबांकडं बघितलं. "साहेब, हे तुमचं कंपनीतलं आहे. आत मिटवा." टोपी उचलली आणि गेला. दार उघडं टाकून गेला.

मी आईला उठवलं. कागदावर सही केली नाही.

बसस्टॉपवर आईनं पायांचं सिमेंट पदरानं पुसलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाला परक्यानं मारलं. तुला तुझ्या मान्सानं." ती रागानं बोलली की दुःखानं, मला कळलं नाही. अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालला नाही. आम्हा गार्डना कंपनीत पाठवणाऱ्या एजन्सीनं कळवलं, काम समाधानकारक नाही.

मी मॅडमना फोन केला. त्यांना तरी कळेल असं वाटलं. सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघा, उगाच संस्थेचं नाव यात यायला नको. तुम्ही प्रकल्पाचा विषय बदला. मोबाइलवरची फसवणूक घ्या, सोपा आहे." वर म्हणाल्या, "आणि तुम्ही त्या समाजाच्या आहात हे आधी सांगायला हवं होतंत. तो तक्ता दाखवताना मी काळजी घेतली असती."

म्हणजे मी वर्गात नसते तर तक्ता बरोबर होता.

मी म्हणाले, "मॅडम, काळजी नको. तक्ता काढा." त्यांनी फोन ठेवला.

विषय मी बदलला नाही. मजकूर मोबाइलमध्ये होता. तोच पक्का करून पाठवला. फक्त प्रस्तावना नवीन लिहिली. पहिलंच वाक्य : मी पारधी आहे आणि हा अभ्यास मी केला आहे. तोंडी परीक्षेला पहिल्यांदा कॅमेरा चालू केला. मागं साड्या वाळत होत्या. वाळू दिल्या. पास झाले. गुण कमी पडले.

मग मी तक्रार लिहिली. स्वतः. जातीवरून चारचौघांत अपमान केल्याची. तारीख, वेळ, गेटचा नंबर, कोण कुठं उभं होतं, कोणते शब्द, जसेच्या तसे. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा म्हणाले, "ताई, विचार करा." दुसऱ्यांदा म्हणाले, "साहेब आमच्यातलेच आहेत, बोलून घेऊ." तिसऱ्यांदा मी म्हणाले, "अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास सहायक आयुक्तांच्या खालचा अधिकारी करत नाही. मी त्यांच्याच ऑफिसात अर्ज देते, पोच घेते." मग गुन्हा नोंदवला.

साक्षीदार शोधायला मी दारोदार फिरले. पहिल्या शिफ्टच्या अकरा जणांना भेटले. सगळे तिथं होते. कुणीच काही ऐकलेलं नव्हतं. एकाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. एकाला मशीनच्या आवाजानं कमी ऐकू येतं. एक बाई रडली आणि दार लावून घेतलं.

कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या सुलाबाई तेवढ्या बोलल्या. महाळुंग्याच्याच, जुन्या घरच्या. मी त्यांच्या ओट्यावर बसले. त्यांनी आधी पाणी दिलं.

"म्या ऐकलंय. सम्दं ऐकलंय. न्हाई कशी म्हनू?"

"मावशी, तुमची नोकरी जाईल."

"जाईल. पर आमी तवा गप ऱ्हायलो, त्ये चुकलंच. तू उभी हुतीस आन् आमी रांगंत." मग माझ्या हातातलं रिकामं भांडं घेत म्हणाल्या, "माझा ल्योक चिडंल. त्येचं मी बघते."

जबाब दिला त्यांनी. टिकतील की नाही, माहीत नाही. लेकावर दडपण आणताहेत असं ऐकते.

मी आता पिंपळे गुरवला एका सोसायटीच्या गेटवर आहे. त्याआधी दोन ठिकाणी नकार आला. तिन्ही ठिकाणी मी जात आधी सांगितली. कुणाच्या खिशात ठेवायला दिली नाही. पोलीस भरतीचं वय निघून गेलंय. एका वकीलबाईंकडं सुट्टीच्या दिवशी जाते. पालांवरून उचलून नेलेल्या माणसांचे कागद त्या बघतात. अटक किती वाजता दाखवली आणि माणूस खरं कधी नेला, यातलं अंतर मी शोधून देते. ते अंतर जवळपास प्रत्येक कागदात असतं.

आई अजून म्हणते, सोड. मी तिला पूर्वी समजावत होते. आता समजावत नाही.

केस कोर्टात गेलीय, तरी साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. भंगाराची गाडी अजून त्याच गेटनं जाते.

मागच्या आठवड्यात शारदाचा फोन आला. इतक्या दिवसांनी पहिलाच. म्हणाली, "अगं, मिटवून घे ना. साहेब म्हणतात, परत घेतील तुला. सुपरवायझर करतील."

मी विचारलं, "शारदा, तुझा जबाब काय आहे?"

ती हळूच म्हणाली, "मी काही ऐकलं नाही असं दिलंय. माझं घर चालतं गं यावर."

"माझंही चालायचं."

पलीकडं फोन कुणीतरी घेतला. आवाज ओळखीचा.

"पोरी, ऐक..."

"पोरी म्हणू नका."

"मी तुझ्या बापासारखा..."

"माझ्या बापाला तुमच्या खात्यानं मारलं. त्याच्यासारखे तुम्ही नाही. तुमचं जे काही म्हणणं आहे ते आता न्यायाधीशांना सांगायचं. मीही तिथंच बोलणार. समेट होणार नाही. तारखेला या."

फोन मी ठेवला. तारीख पुढच्या महिन्यात आहे. पुढं ढकलली तर पुढच्या तारखेला जाईन. सुलाबाई फिरल्या तर एकटी उभी राहीन. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. आणि तिथं माझं नाव पुकारलं की उठून आधी जात सांगीन, मोठ्यानं, मग काय घडलं ते.